केजमधून रिंगमध्ये: आधी करार, मग जॅब

माझ्याकडे पॅड मारायला येणारी एमएमएची (केजमधल्या मिश्र मार्शल आर्ट्सची) पोरं हल्ली बॉक्सिंगमध्ये जायचं आणि तिथल्या पैशाचंच विचारतात. पैसा आहे, पण तो नावाला मिळतो. २०१७ मध्ये एमएमएचा कॉनर मॅकग्रेगर बॉक्सर फ्लॉइड मेवेदरकडून दहाव्या राउंडला हरला, तरी त्याचं जाहीर मानधन ३ कोटी डॉलर होतं. यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीच्या करारात असल्यामुळे त्याला कंपनीला सोबत घ्यावंच लागलं. यूएफसीच्याच फ्रान्सिस एन्गानूनं करार संपू दिला, जानेवारी २०२३ मध्ये बाहेर पडला आणि ऑक्टोबरमध्ये रियाधला बॉक्सर टायसन फ्युरीसमोर उभा राहिला.

म्हणून पहिलं काम वकिलाकडे. दुसरा खेळ खेळायला मनाई आहे का? बेल्ट जिंकलास तर मुदत आपोआप वाढते का? मॅनेजरला विचारू नकोस, त्याचं कमिशन त्यातच असतं.

मग पाय. किक आणि टेकडाउनच्या (धरून खाली पाडण्याच्या) धास्तीनं तुम्ही पाय फाकवून लांब उभे राहता. जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) टाकलास की मागचा पाय तिथंच राहतो आणि दुसरा पंच हवेत जातो. जमिनीवर खडूची रेघ मार, जॅबबरोबर मागचा पाय तेवढाच पुढे सरकतो का ते बघ. आठवडाभर एवढंच कर, कंटाळा येईल, येऊ दे.

ग्लोव्हज ४ औंसांवरून ८-१० वर जातात. सरावात १६ चे घाल, खांदे भरून आले तरी हात खाली आणू नकोस. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना बिलगून धरल्यावर, हॅमरफिस्ट (हातोड्यासारखी मूठ आपटणं) विसर. मॅकग्रेगरला मेवेदरच्या डोक्यामागे मारल्याबद्दल रेफरीनं तंबी दिली होती.

काउंटची, म्हणजे कुणी पडल्यावर रेफरी जे आकडे मोजतो त्याची, सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. केजमध्ये समोरचा पडला की तुम्ही त्याच्यावर झेपावता. इथं न्यूट्रल कॉर्नरला (दोघांपैकी कुणाचाच नसलेल्या कोपऱ्यात) जाऊन उभं राहायचं. एन्गानूनं तिसऱ्या राउंडला फ्युरीला पाडलं, फ्युरी उठला, सावरला आणि स्प्लिट डिसिजननं (तीनपैकी दोन जजांच्या कौलानं) जिंकला. तू पडलास तर उडी मारून उठू नकोस. एका गुडघ्यावर राहा, श्वास घे, आठला ऊठ.

प्रतिस्पर्धी निवडताना हाव आवर. एन्गानूनं पुढची लढत थेट बॉक्सर अँथनी जोशुआशी घेतली आणि दुसऱ्याच राउंडला संपला. त्याला ते परवडलं, तुझी पहिली लढत चार राउंडांची असू दे. सही करण्याआधी कॅम्पचा (लढतीआधीच्या तयारीचा), मेडिकलचा आणि कॉर्नरच्या माणसांचा (राउंडांमध्ये तुला सांभाळणाऱ्यांचा) खर्च कोण उचलणार, तेही कागदावर घे.