भेगेच्या दोन्ही अंगाला सळई ठोका

बालाघाट किंवा अजिंठ्याच्या डोंगराखाली घर, गोठा असेल तर दरड सुटायची भेग पडली का ते बघायला पावसाळ्यात वरच्या उतारावर चक्कर माराच. आपल्याकडं पाऊस कमी म्हणून निर्धास्त राहू नका. 31 ऑगस्ट 2021 ला अतिवृष्टीनं कन्नड घाटात दरडी कोसळून चाळीसगावचा रस्ता बंद पडला होता.

काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्या जाळीसारख्या असतात अन् पावसानं मिटतात. पावसातच रुंदावणारी, उताराला आडवी, चंद्रकोरीसारखी भेग मात्र वाईट. तिच्या वर-खाली एकेक सळई ठोका, मधलं अंतर टेपनं मोजून तारखेसह भिंतीवर लिहा. रोज मोजा. बोटभर जरी वाढलं तरी मुक्काम हलवा, तलाठ्याला कळवा, जिल्हा आपत्ती कक्षाच्या 1077 ला फोन लावा. भेग मातीनं बुजवा, वरचं पाणी बाजूला काढून द्या. पाणी जिरवणारे समतल चर एरवी सोन्यासारखे, पण अशा भेगेच्या वर नकोतच. अन् जागा वाढवायला जेसीबीनं डोंगराचा पायथा कोरू नका, हात जोडून सांगतो.

झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, खांब कलले, तर जनावरांची दावी सोडा अन् ओढ्याच्या वाटेनं न जाता उताराला आडवं पळा.