टर्बो डिझेल रीमॅप करताय? पिकअपच्या नादात या चुका टाळा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ. चौथा गिअर, वेग ७०, आरपीएमचा काटा २२०० वर. पुढचा ट्रक ओलांडायला पाय दाबला, तर काटा झपकन २९०० वर गेला आणि वेग ७० चा ७०च. दोन-तीन सेकंदांत जळक्या क्लचचा वास आत आला. रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलणं, करून जेमतेम आठवडा झाला होता. घाट उतरेपर्यंत मी रीमॅपवाल्याला मनातल्या मनात बरंच काही ऐकवून घेतलं.

गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्रीने क्लचप्लेट माझ्या हातात दिली. लायनिंग पार रिवेटपर्यंत झिजलेलं. "दादा, ही आठवड्यात नाही जात. आधीच संपली होती. तुम्ही फक्त तिला उघडी पाडलीत."

गाडी न तपासता मॅप टाकणे

माझी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त लोकही हीच करतात. रीमॅपमध्ये ईसीयूतले (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले) आकडे, म्हणजे 'मॅप', बदलतात: डिझेल किती, किती दाबाने, किती वेळ सोडायचं, टर्बोने हवा किती दाबायची, टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, कुठे अडवायचा. लोखंड जुनंच राहतं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजला बारीक चीर असेल तर मूळ मॅपवर टर्बो थोडा जास्त फिरून ती कसर भरून काढतो आणि आपल्याला काही कळत नाही. नव्या मॅपवर तो आधीच ताणलेला असतो. मग तीच चीर 'रीमॅपने गाडी बिघडली' म्हणून समोर येते.

म्हणून आधी एक दिवस गॅरेजमध्ये घालवा. होजच्या जोडांवर ओलसर तेलकट डाग आहेत का बघा. एअर फिल्टर बदला. इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) रिटर्न लाइनला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, चार बाटल्या लावून इंजिन आयडलवर ठेवा. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर संशयित. क्लचची चाचणी तर फुकट आहे. मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये १५०० आरपीएमला गाडी आणा आणि पाय पूर्ण दाबा. काटा आणि वेग बरोबरीने वाढले पाहिजेत. काटा पुढे पळाला तर रीमॅपचे पैसे क्लचकडे वळवा.

फक्त एनएमच्या मागे लागणे

'किती एनएम (टॉर्कचं माप, न्यूटन मीटर) मिळतील?' हा पहिला प्रश्न असतो, आणि नेमका तोच महागात पडतो. क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारं दोन भागांचं चाक), गिअर, कनेक्टिंग रॉड या सगळ्यांवर भार येतो तो टॉर्कचा. त्यातही १५००-१८०० आरपीएमला एकदम चढणारा टॉर्क सगळ्यात वाईट. सीटला पाठ चिकटते ती तिथेच, त्यामुळे ट्यूनरलाही तोच दाखवायचा असतो.

जरा हिशेब करू. एनएमला आरपीएमने गुणायचं आणि ७०२४ ने भागायचं, की पीएस (अश्वशक्ती) मिळतात. आपल्या रस्त्यांवर उदंड झालेल्या १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनाचं साधं रूप म्हणजे ७५ पीएस, १९० एनएम. ४००० आरपीएमला ७५ पीएस, म्हणजे तिथे टॉर्क उरतो साधारण १३२ एनएम. तोच १५० वर नेला तर कमाल १९० ला हात न लावता ८५ पीएस झाले! क्लचला पत्ताही लागत नाही.

फुकट मात्र तेही नाही. वरच्या आरपीएमला छोट्या टर्बोकडून जास्त हवा काढायची म्हणजे तो जास्त वेगाने फिरणार आणि एक्झॉस्ट तापणार. खाली मागाल तर क्लच आणि रॉडवर, वर मागाल तर टर्बोवर. मला विचाराल तर २००० ते ३२०० हा पट्टा थोडा भरून घ्यावा आणि दोन्ही टोकं सोडून द्यावीत. ओव्हरटेक तिथेच होतो. शिवाय मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला १०० ची मर्यादा, वरचं टोक वापरणार कुठे?

ऑटोमॅटिक असेल तर आणखी सांभाळून. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० एनएमपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. आपल्याकडे तो १.५ टीडीआय डिझेल इंजिनाला जोडून आला, आणि ते इंजिन मुळातच २५० एनएम देतं. उरलं काय?

स्वस्तातला बॉक्स लावणे

रीमॅपऐवजी लावायचे साधे ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरमध्ये बसतात आणि ईसीयूला खोटं सांगतात: दाब कमी आहे, वाढव. तो वाढवतो. ईसीयूला १५०० बार दिसतात तेव्हा प्रत्यक्षात किती आहेत हे त्यालाही माहीत नसतं, स्कॅनरलाही नाही. पंप आणि इंजेक्टर मुकाट्याने सोसतात. वॉरंटीसाठी काढता येतो, एवढाच त्याचा गुण. मी लावणार नाही.

काळ्या धुराला ताकद समजणे

काळा धूर म्हणजे हवा न पुरल्याने अर्धवट जळालेलं डिझेल. म्हणजे स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेल अडवणारी मर्यादा) सैल केलाय, नाहीतर हवा कुठेतरी गळतेय. रीमॅपनंतर चढावर गाडी एकदम मेली, वर उठेचना, बंद करून चालू केली की ठीक, असं झालं तर ती लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीयूने स्वतःच ताकद अडवून ठेवलेल्या स्थितीत, गेली होती. स्कॅनर लावा. पी०२९९ हा बिघाडाचा कोड आला तर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी पडतोय: होज, टर्बोचा अ‍ॅक्चुएटर, व्हॅक्यूम पाइप बघा. पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त. व्हीजीटी टर्बोच्या (हलत्या पात्यांच्या टर्बोच्या) पात्या काजळीने अडकल्यात, नाहीतर मॅपच आगाऊ आहे. पी००८७ म्हणजे रेलमध्ये दाब टिकत नाही. डिझेल फिल्टरपासून सुरुवात करा. कोड नुसता पुसून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

बीएस६ गाडीला जुन्या गाडीचे नियम लावणे

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस६ प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. जास्त डिझेल सोडलं की काजळी वाढते, डीपीएफ लवकर भरतो, रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं, वारंवार होतं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते पातळ होतंय. 'डीपीएफ काढूनच टाकू' म्हणणारे भेटतील. ते बेकायदा आहे, आणि धूर शेवटी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर.

फ्लॅश करताना (मॅप ईसीयूत लिहिताना) घाई

ईसीयूत लिहिणं सुरू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू जाऊ शकतो. बॅटरीला सपोर्ट लावल्याशिवाय सुरू करू देऊ नका. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. आधी आणि नंतर रस्त्यावर लॉगिंग (चालत्या गाडीचे आकडे नोंदवणं) करणार का, हेही विचारा. 'गरज नाही, सगळ्या गाड्यांना हीच फाइल चालते' असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केलं की मॅप पुसला जातो, तेही लक्षात असू द्या. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न येतोच. विमा कंपनीपासून बदल लपवलात तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो.

नवीन क्लच टाकल्यावर मी मॅप परत लिहून घेतला. २००० च्या खाली मूळचेच आकडे, कमाल २१० एनएम. चढ संपल्यावर लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवतो, टर्बोतलं ऑइल करपू नये म्हणून. खंबाटकीत ट्रकमागे वेग पडला की अजूनही तिसरा टाकावाच लागतो. वास मात्र आता फक्त समोरच्या ट्रकच्या ब्रेकचा येतो.