फॉरमॅट मारण्याआधी: अपडेटनंतर झोपेतच दगावणारा लॅपटॉप

रात्री झाकण मिटलं तेव्हा वर्डमध्ये अर्धवट पत्र होतं, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब उघडे होते. सकाळी झाकण उघडलं तर आधी कंपनीचा लोगो, मग पासवर्ड, मग कोरा डेस्कटॉप. रात्री कधीतरी लॅपटॉप झोपेतच गेला आणि झाकण उघडल्यावर नव्याने जन्माला आला. "अलीकडे काही अपडेट झालं का?" असं विचारलं की मग आठवतं, हो, तीन-चार दिवसांपूर्वी झालं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे आमच्या नात्यातले बरेच लॅपटॉप ११वर गेले आणि असे रुग्ण माझ्याकडे यायला लागले. दुकानात नेलं की एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारून घ्या." मीही एकदा मारला. शनिवार-रविवार त्यातच गेला आणि सोमवारी रात्री लॅपटॉप पुन्हा गचकला, कारण कोऱ्या विंडोजने पहिलं काम केलं ते तेच अपडेट आणि तोच ड्रायव्हर (उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) परत आणून बसवण्याचं.

बहुतेक वेळा गोष्ट साधी असते. वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स यांपैकी एखादं उपकरण झोप म्हटल्यावर झोपत नाही किंवा ऊठ म्हटल्यावर उठत नाही. विंडोज त्याची वाट बघतं आणि शेवटी कंटाळून सगळाच कारभार थांबवतं. आपल्याला फक्त ते अडेल उपकरण शोधायचं आहे. खालचं सगळं विंडोज ११ धरून लिहिलं आहे. फाइलींची प्रत कुठेतरी आहे, हे गृहीत धरतो.

१. रीस्टार्ट करा. शटडाउन नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत येतात. "मी चार वेळा बंद करून चालू केला" म्हणणाऱ्याने खरं तर एकदाही केलेला नसतो.

२. बाहेरचं सगळं काढून एक रात्र झोपवा. डॉक, यूएसबी हब, माउसचा डोंगल, मेमरी कार्डसुद्धा.

३. झोप कोणत्या जातीची ते बघा. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल अॅडमिन म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी स्लॅश ए ही आज्ञा द्या. इंग्रजी पॉवर हा शब्द, त्याला चिकटून सी, एफ, जी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. उत्तरात एस३ दिसलं तर जुनी, गाढ झोप. एस० लो पॉवर आयडल दिसलं तर तो मॉडर्न स्टँडबाय. म्हणजे मोबाइलसारखं डोळे मिटून पडणं, आतून मात्र अधूनमधून जागं राहणं. नव्या लॅपटॉपांत बहुधा हेच असतं. पुढच्या पायरीवर कोणते आकडे शोधायचे ते यावर ठरतं.

४. नोंदवही वाचा. माझे दोन आठवडे इथेच गेले, म्हणून इथे जरा थांबतो.

स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. उजवीकडच्या फिल्टरमध्ये ४१ टाका. कर्नल पॉवर नावाची, लाल खुणेची नोंद दिसेल. लॅपटॉप नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती सांगते. लोक ही नोंद बघतात, खालचं वाक्य वाचतात, "पॉवरचा प्रॉब्लेम आहे" म्हणतात आणि नवा चार्जर घेऊन येतात. तो चार्जर मीही घेतला आहे.

पहिला चकवा वेळेचा. ४१च्या नोंदीवरची वेळ लॅपटॉप गचकल्याची नसते. तो पुन्हा सुरू झाला त्याची असते. माझ्याकडच्या नोंदीत रोज सकाळी सातच्या आसपासची वेळ दिसायची. त्यावरून मी ठरवून टाकलं की झाकण उघडतानाच काहीतरी बिघडतंय, आणि आठवडाभर उठण्याच्या सेटिंग्जशी खेळत बसलो. ४१चा फिल्टर काढा. खरी वेळ जवळच्याच ६००८ क्रमांकाच्या नोंदीत असते. आधीचं बंद होणं अमुक वाजता अनपेक्षित होतं, असं तिच्यात लिहिलेलं असतं. तिथे मध्यरात्रीनंतरची वेळ होती. लॅपटॉप उठताना मरत नव्हता. मी उठेपर्यंत त्याला मरून सहा तास झाले होते.

मग झोपेच्या नोंदी बघा. एस३ असेल तर ४२ म्हणजे झोपायला निघाला, १०७ म्हणजे उठला. मॉडर्न स्टँडबाय असेल तर अनुक्रमे ५०६ आणि ५०७. झोपल्याची नोंद आहे, उठल्याची नाही आणि पुढे थेट ४१, असं दिसलं तर तो झोपेतच गेला. झोपल्यापासून दगावेपर्यंत किती वेळ गेला तेही कागदावर लिहा. बरेच लॅपटॉप काही तास झोपले की आपोआप हायबरनेटमध्ये जातात, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवून पूर्ण बंद होतात. दरवेळी झोपेनंतर ठरावीक तासांनीच मरण येत असेल तर दोष बहुधा त्या दुसऱ्या वळणावर आहे.

दुसरा चकवा आकड्याचा. ४१ची नोंद उघडून डिटेल्सच्या पानावर जा. तिथे बगचेककोड नावाची ओळ आहे, म्हणजे विंडोज कोणत्या चुकीने कोलमडलं त्याचा क्रमांक. माझ्याकडे तिथे १५९ होतं. मी १५९ हा आकडा शोधत राहिलो आणि काहीही हाती लागलं नाही. कारण ही ओळ साध्या दशमान आकड्यात लिहिलेली असते आणि निळ्या पडद्याच्या, म्हणजे विंडोज कोलमडताना दिसणाऱ्या चुकांची यादी असते षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत. विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर पद्धतीवर टाकून १५९ दाबलं तर हेक्सच्या ओळीत ९एफ येतं. ९एफ म्हणजे ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. म्हणजेच आपलं अडेल उपकरण. त्याच्या लगेच खालच्या पहिल्या पॅरामीटरमध्ये ३ असेल तर एखादं उपकरण झोपण्या-उठण्याचा हुकूम अडवून बसलं होतं. १६० असेल तर तो ए०, विंडोजच्या वीज-व्यवस्थेतली आतली चूक. तेव्हा माझा पहिला संशय हायबरनेटवर जातो.

बगचेककोड शून्य असेल तर त्याच पानावर पॉवरबटनटाइमस्टॅम्प बघा. तिथे शून्य सोडून काही असेल तर लॅपटॉप गोठला होता आणि कुणीतरी बटण दाबून धरून तो बंद केला. ते बहुतेक तुम्हीच असता, सकाळी काळा पडदा बघून वैतागलेले. दोन्हीकडे शून्य असेल तर वीजच गेली असण्याची शक्यता धरा. मॉडर्न स्टँडबायमध्ये लॅपटॉप बॅगेत तापत राहतो, बॅटरी तळाला जाते आणि आपण क्रॅश झाला म्हणतो. अशा वेळी पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी ही आज्ञा द्या. गेल्या तीन दिवसांत झोपेत कुणी किती बॅटरी खाल्ली त्याचा अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला ते टर्मिनलच सांगतं.

५. गुन्हेगाराचं नाव. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर आहे. कोलमडताना विंडोजने लिहून ठेवलेली टिपणं, म्हणजे डंप, त्यात असतात. त्यातली ताजी फाइल डेस्कटॉपवर उचलून घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी हे अशा फाइली वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाइल उघडा आणि अॅनालाइझ व्ही या दुव्यावर क्लिक करा. खाली इमेज नेम अशी ओळ येईल. नेटडब्ल्यूटीडब्ल्यूने सुरू होणारं नाव इंटेलच्या वायफायचं, एनव्हीएलडीडीएमकेएम एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचं, आयजीडीकेएमडी इंटेलच्या ग्राफिक्सचं. दुसरं काही नाव असेल तर ते तसंच्या तसं शोधा.

झटपट उत्तर देणारी छोटी सॉफ्टवेअर या चुकीसाठी वापरू नका. ती बऱ्याचदा एनटीओएसकेआरएनएलकडे बोट दाखवतात. तो विंडोजचा गाभा. त्याने फक्त वर्दी दिली आहे, चोरी केलेली नाही. आणि मिनीडंप रिकामं असेल तर चक्रावू नका. डिस्कच झोपेतून उठली नसेल तर डंप लिहिणार कुठे? मग संशय स्टोरेजच्या ड्रायव्हरवर घ्या.

६. उपाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. बटण पुसट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आपलं नेमकं मॉडेल घालून तिथला ड्रायव्हर घ्या, आकड्याने जुना असला तरी. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" म्हणणारं सॉफ्टवेअर टाकलंत तर मला फोन करू नका.

त्याने भागलं नाही तर अपडेट काढा: सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स. आवृत्तीच बदलली असेल तर सिस्टिममधल्या रिकव्हरीत गो बॅक असतं, पण ते साधारण दहाच दिवस. मग अपडेट थांबवून ठेवा. जास्तीत जास्त पाच आठवडे मिळतात, तेवढ्यात बहुधा नवा ड्रायव्हर येतो.

बायोसचं (लॅपटॉपच्या चिपमधलं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) अपडेट मी शेवटी करतो, चार्जर लावून. त्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. तुम्ही बिटलॉकर कधी चालू केलं नसेल, तरी विंडोज ११ने डिस्क आपणहून कुलूपबंद केलेली असू शकते. बायोस बदलला की ती किल्ली मागते आणि अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कुणालाही पाठ नसते.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या कोठारात) एक नोंद घालून जुनी एस३ झोप परत आणण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. करू नका. फर्मवेअरमध्येच, म्हणजे बायोसमध्येच, एस३ नसेल तर स्लीप हा पर्यायच नाहीसा होतो, आणि मग लोक विचारत येतात की स्लीपचं बटण कुठे गेलं.

शोधाशोध चालू असेपर्यंत कामं अडू नयेत म्हणून कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट लावा. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण उघडी कामं तशीच राहतात. फक्त बगचेककोड १६० आला असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तुम्ही शटडाउनच करा.

दुरुस्ती झाली का ते पाच मिनिटं झाकण मिटून कळत नाही. माझा तो लॅपटॉप पाच मिनिटांच्या प्रत्येक परीक्षेत पास व्हायचा आणि रात्री नापास. हायबरनेट लावलं असेल तर ते परत स्लीपवर आणा, एक बिनमहत्त्वाची फाइल सेव्ह न करता उघडी ठेवा आणि रात्रभर झोपवा. एक रात्र चार्जरवर, एक बॅटरीवर. सकाळी फाइल जागेवर असली तरी इव्हेंट व्ह्यूअर उघडून ४१ची नवी नोंद नाही ना ते बघा, कारण हल्लीचं वर्ड न वाचवलेलं पत्रसुद्धा परत आणून देतं.