हस्तनिर्मित पाइपांचा संग्रह : घासूनपुसून होणाऱ्या चुका टाळा

हाताने घडवलेले तंबाखूचे पाइप जमवणाऱ्यांकडे जे नुकसान पाहायला मिळते, त्यातले बरेचसे काळाने केलेले नसून हौसेने केलेले असते. जुना पाइप हाती आला की तो लगेच लखलखीत करावासा वाटतो आणि त्या घाईत जे पुसले जाते ते पुन्हा मिळत नाही. खरेदीतली चूक फार तर पैशांत मोजता येते, साफसफाईतल्या चुकीला मात्र बहुतेक वेळा उतारा नसतो. म्हणून खरेदीबद्दल थोडक्यात आणि साफसफाईबद्दल सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक एकाच खुणेवर विश्वास ठेवण्याची. स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, पांढरा ठिपका दिसला की पाइप डनहिल या लंडनच्या नामांकित पाइप-कंपनीचाच असे अनेकजण गृहीत धरतात. डनहिलने हा ठिपका 1910च्या दशकात वापरायला सुरुवात केली हे खरे. पण ठिपके इतर कारागिरांनी आणि कारखान्यांनीही वापरले आहेत, शिवाय स्टेम बदललेला असू शकतो. लाकडी दांड्यावरचे ठसे, चांदीचे कडे असल्यास त्यावरचे हॉलमार्क आणि स्टेमचा घाट या तिन्हींची साक्ष जुळली पाहिजे. ‘हातकाम’ अशा अर्थाच्या शिक्क्याचेही तेच आहे. साच्यातून निघालेला तयार स्टेम बसवलेल्या पाइपांवरही तो आढळतो, त्यामुळे स्टेमची दातांत धरायची कड किती पातळ आहे आणि आतली फट किती सफाईने रुंदावत नेली आहे, हे पाहिल्यावर त्या शिक्क्याला किती किंमत द्यायची ते कळते.

लाकडाबद्दलचा गैरसमज याहून जुना आहे. ब्रायर हे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचे लाकूड. या गाठी कित्येक तास उकळून, पुढे अनेक महिने सुकवून मगच कामाला घेतात. गाठीत खडे आणि खळगे असतातच. कारखानी मालात ते लांबी (पुट्टी) भरून रंगाखाली झाकले जातात. भिंगाखाली, तिरप्या उजेडात पाहिले तर भरलेली जागा ओळखू येते : भोवतालच्या रेषा तिथे येऊन अचानक थांबतात आणि रंग किंचित मातकट, सपाट दिसतो. मात्र खरबरीत पृष्ठभाग म्हणजे दोष लपवलेला पाइप, हा निष्कर्षही घाईचा आहे. वाळूच्या फवाऱ्याने मऊ भाग खोदून वाढीची वलये उठावदार करणे ही स्वतंत्र कला आहे आणि डनहिलने अशा ‘शेल’ पाइपांचे पेटंट 1917 सालीच घेतले होते. डेन्मार्कच्या सिक्स्टेन इव्हार्सन (1910–2001) यांनी लाकडाच्या रेषांप्रमाणे आकार ठरवण्याची जी रीत रुजवली, ती लक्षात घेतली तर पाइप पाहताना ‘रेषा किती सरळ’ यापेक्षा ‘रेषा आणि आकार यांचे जमते का’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

आता साफसफाई. सर्वांत मोठे नुकसान ठशांचे होते. कारागिराचे नाव, आकाराचा क्रमांक, काही पाइपांवर वर्षाची खूण हे सारे दांड्यावर अगदी उथळ उमटवलेले असते. फिरत्या बफवर, म्हणजे चकाकी देणाऱ्या चाकावर, दांडा थोडा जास्त वेळ टेकला किंवा काचकागदाचे चार हात फिरले, की आधी अक्षरांच्या कडा गोल होतात आणि मग बारीक अंक दिसेनासे होतात. अशा पाइपाची ओळखच संशयास्पद होते, मग लाकूड कितीही चमको. ठशांच्या भागाला हाताने मऊ कापडच लावावे आणि सुरुवात करण्यापूर्वी तिरप्या उजेडात त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

स्टेम काढून ठेवून वेगळा घासणे ही तितकीच सर्रास चूक. दांड्याला टेकणारी त्याची कड गोल होते आणि पुन्हा जोडल्यावर सांध्यात बारीक खाच राहते. कसलेल्या डोळ्याला ती लगेच खुपते. स्टेम दांड्यात बसवूनच, ठशांना संरक्षण देऊन, सांधा घासावा. व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा, स्टेम उजेडाने हिरवट-तपकिरी पडतो, कारण रबरातले गंधक पृष्ठभागावर बदलत जाते. त्यावर तेल चोळल्याने रंग फक्त झाकला जातो. विक्रीच्या छायाचित्रांत तेलकट चमक दिसली तर सावध राहावे. ब्लीचमध्ये स्टेम बुडवण्याचा उपाय तर टाळावाच, त्याने पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. हा त्रास कमी व्हावा यासाठी पाइप उजेडापासून दूर ठेवावा, आणि काचेच्या कपाटाची हौस इथेच महागात पडते.

अल्कोहोलने आतली नळी साफ करणे योग्यच, पण थेंब बाहेर ओघळला की लाकडाचा रंग आणि लाखेचा थर उतरतो, अ‍ॅक्रिलिक स्टेमवर बारीक तडे जाऊ शकतात, तर जुन्या अंबरच्या, म्हणजे जीवाश्म राळेच्या, स्टेमचा पृष्ठभाग खराब होतो. जुना वास घालवण्यासाठी बाउलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, मीठ आणि अल्कोहोल भरून ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. त्यानंतर पाइप तडकल्याच्या तक्रारीही आहेत. दुर्मीळ पाइपावर हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाउलमधला काजळीचा थर साधारण एक मिलिमीटरपेक्षा फार वाढू देऊ नये, कारण तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि बाउलला तडा जाऊ शकतो. तो काढताना चाकू वापरू नये. चाकूच्या टोकाने तळाशी खड्डा पडतो.

स्टेम अडकला असेल तर जोर लावू नये. पाइप गरम असताना स्टेम पिरगळणे हे दांडा फुटण्याचे नेहमीचे कारण आहे. ब्रायरचा पाइप थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवला, तर व्हल्कनाइटची खुंटी, म्हणजे स्टेमचे दांड्यात शिरणारे टोक, लाकडापेक्षा जास्त आकसते आणि बहुधा सुटते. उलट खुंटी सैल झाली असेल, तर आधी मधमाशीच्या मेणाचा पातळ हात देऊन पाहावा.

मीरशॉमच्या पाइपांना हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या परिसरात मिळणारे हे हलके, सच्छिद्र खनिज मेण मुरवून वापरतात आणि वापराने ते पांढऱ्याचे पिवळे, पुढे तपकिरी होते. हा रंग म्हणजे मळ समजून घासून काढणाऱ्याने पाइपाचे अर्धे आयुष्य पुसले, असे समजावे. यात काजळीचा थर साचू द्यायचा नसतो, आणि फ्रीजर तर नकोच. जुन्या मीरशॉममध्ये स्टेम अनेकदा हाडाच्या आट्यांच्या खुंटीवर बसवलेला असतो, तो सरळ ओढला तर आटे तुटतात. नव्यांत मात्र नुसती ओढून काढायची खुंटी असते. म्हणून आधी सांध्याची जात ओळखावी, हात नंतर लावावा.

परदेशातून मागवताना कडे किंवा स्टेम हस्तिदंताचा आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. सायटीस या, धोक्यात आलेल्या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारामुळे हस्तिदंत सीमेपलीकडे नेण्यावर कडक निर्बंध आहेत आणि कागदपत्रांशिवाय आलेला पाइप सीमाशुल्क विभागात जप्त होऊ शकतो. ‘फार जुना आहे’ एवढे तोंडी सांगणे तिथे पुरत नाही.