हिमालयात सह्याद्रीची घाई नको: या चुका टाळा

कळसूबाई 1646 मीटर, मनाली साधारण 2050. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक मनालीच्या बाजारापेक्षाही चारशे मीटर खाली आहे. तरी मे-जूनमध्ये पुण्या-मुंबईहून निघणारे कितीतरी गट हिमालयाचा बेत सह्याद्रीच्या हिशेबानंच आखतात. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, पुढच्या रविवारी घरी, सोमवारी कामावर. पायांबद्दल वाद नाही. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसानं मनालीजवळच्या हम्प्ता खिंडीच्या चढाला घाबरायचं कारण नाही. चुकतं ते वेळेचं गणित.

मुक्काम गाळणे

हम्प्ता खिंड सुमारे 4270 मीटरवर आहे. नेहमीच्या वाटेवर चिका, मग बालू का घेरा, मग खिंड ओलांडून शिआ गोरू असे मुक्काम पडतात. ते उगाच ठरलेले नाहीत. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम या मुक्कामांत बऱ्यापैकी पाळला जातो. 'आपण फिट आहोत, दोन मुक्काम एकात उरकू' असं म्हणणारा गटात एक तरी असतोच, आणि बहुधा तोच सर्वांत तगडा असतो. तंदुरुस्तीचा आणि विरळ हवेचा त्रास होण्या-न होण्याचा संबंध नाही. उलट जोरात चालता येतं म्हणून असा माणूस शरीराला सवय व्हायच्या आत वर पोचतो.

दिल्लीहून थेट विमानानं लेहला उतरणाऱ्यांचं तर विचारूच नका. लेह 3500 मीटरवर आहे. तिथे पहिले दोन दिवस काहीही न करणं हाच कार्यक्रम असला पाहिजे.

'पित्त झालंय'

हे वाक्य कॅम्पवर ऐकू आलं की सावध व्हा. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, झोप नाही. मराठी घरात याचं निदान पित्त असंच होतं. मग ॲसिडिटीची गोळी, आल्याचा चहा आणि सकाळी पुन्हा चढाई. उंचीवर याच लक्षणांना आधी विरळ हवेचा त्रास धरायचं, दुसरं कारण पक्कं सापडेपर्यंत. लक्षणं आहेत तोवर वर चढायचं नाही. तिथेच राहून बरं वाटलं तर पुढे, वाढलं तर खाली.

बसल्या जागी धाप लागणं, सततचा खोकला, थुंकीत गुलाबी फेस ही फुफ्फुसात पाणी भरल्याची लक्षणं. मेंदूला सूज येत असेल तर माणूस असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या जातात. शंका आली तर त्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही तर उजाडण्याची वाट बघू नका, रात्रीच खाली उतरवा, सोबत माणूस देऊन. ऑक्सिजन आणि औषधं हाताशी असतील तर द्या, पण त्यांच्या भरवशावर उतरणं लांबवू नका.

डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेचा त्रास टाळायला घेतात ती गोळी, सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर. आणि थंडी वाजते म्हणून घेतलेली रम किंवा झोपेची गोळी रात्रीचा श्वास आणखी मंद करते, तेव्हा दोन्ही घरी.

ओढा दुपारी ओलांडणे

सह्याद्रीत ओढा फुगला की पाऊस थांबायची वाट बघायची. हिमालयात पहाटेची वाट बघावी लागते. वरचं बर्फ उन्हानं वितळतं, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागतो. शिआ गोरूचा ओढा सकाळी ओलांडतात तो यासाठीच.

उतरण्याआधी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पाय गेला तर सॅक झटक्यात टाकता आली पाहिजे. बूट भिजतील म्हणून अनवाणी जाऊ नका. त्या पाण्यात बोटं लगेच बधिर होतात आणि पाय कुठे पडतोय ते कळत नाही. अरुंद जागा मोहात पाडते, पण पाणी तिथेच खोल आणि जोरदार असतं. पात्र पसरलेलं, फाटे फुटलेलं असेल तिथून जा.

बर्फाचंही तेच. सकाळी घट्ट, दुपारी गुडघाभर रुततं. खिंड दुपारच्या आत ओलांडायची, आणि परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवायची. खिंड समोर दिसत असताना वेळ ठरवायला बसलं की ती नेहमी अर्धा तास पुढे जाते. जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटाला हिमवादळानं गाठलं आणि 9 जण गेले. जून म्हणजे उन्हाळा हे आपल्याकडचं कॅलेंडर आहे.

सामान

सुती टी-शर्ट आणि जीन्स नको, भिजल्यावर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. बर्फावर गॉगल लागतोच, ढग असले तरी. तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डाळ-तांदळाला कुकर हवा, कारण 4000 मीटरवर पाणी सुमारे 87 अंशांवरच उकळतं.

बुटांवर मात्र जरा थांबतो. चार वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदाच वापरलेले महागडे बूट कपाटात असतात, वरून नव्यासारखे. पण आपल्या दमट हवेत सोलमधला पॉलियुरेथेन फोमचा मधला थर आतून सडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आख्खा सोल जिभेसारखा लोंबू लागतो. मग सुतळी, डक्ट टेप आणि पोर्टरच्या जादा गमबुटांची चौकशी. निघण्याआधी महिनाभर ते बूट घाला, भरलेली सॅक पाठीवर घेऊन सिंहगड चढा-उतरा. मधला थर अंगठ्यानं दाबून बघा, भुगा पडला किंवा भेग दिसली तर नवे घ्या. ते पायात रुळवायला तेवढा महिना पुरतो.