फोन कमी करायचाय? वडगावच्या भोंग्याची आयडिया घरात वापरा

पोरांच्या हातातला मोबाईल हिसकावून घ्यायचा आणि आपण कॉटवर पडून रील बघत बसायचं, असं करून कुणाच्या घरातला फोन कमी झालाय सांगा बरं. त्यापेक्षा आपल्याच सांगली जिल्ह्यातलं कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव बघा. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी ७ ला भोंगा वाजायला लागला, वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला. जमलं कारण सगळ्या गावानं एकदमच बंद केलं, शेजारचा गेम खेळत नसला की आपलाही जास्त कुरकुरत नाही.

घरात करायचं तर ७ चा अलार्म लावा आणि सगळ्यांचे फोन, आजोबांचासुद्धा, एका टोपलीत घालून फ्रीजवर ठेवा. रिंग चालू ठेवा म्हणजे अर्जंट कॉल चुकत नाही. पहिले काही दिवस सगळ्यांचा हात सारखा खिशाकडं जाणार, म्हणून हाताला काम द्या, शेंगा फोडायला घ्या नाहीतर पत्ते काढा, नुसतं "अभ्यास कर" म्हणून भागत नाही.

रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. उठायला अलार्म लागतो हे कारण सांगू नका, साधं गजराचं घड्याळ आणा. अंधारात उजेड डोळ्यावर आला की झोप लांबते आणि त्यात कुणाचं तरी भांडण वाचलं की डोकं चालूच राहतं.

मान दुखत असेल तर हे बघा, डोक्याचं वजन साधारण ५ किलो, पण मान ६० अंशात खाली घातली की मानेवर २७ किलोच्या आसपास भार येतो असा हिशोब न्यूयॉर्कच्या एका सर्जननी २०१४ मध्ये मांडला होता. म्हणून मान खाली घालू नका, फोन वर घ्या, कोपराखाली उशी ठेवा. डोळे चुरचुरतात कारण स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात, दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांच्या पलीकडं बघा, दारात उभं राहून समोरच्याच्या गच्चीवरचे कपडे मोजले तरी चालतंय.

सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, आयफोनला स्क्रीन टाइम, तिथं रीलच्या ॲपला टायमर लावा. कॉल, बँक आणि शाळेचा ग्रुप सोडून बाकी नोटिफिकेशन बंद.

आणि फोन काढून घेतल्यावर पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, अंगावर येत असेल तर ओरडून काही होत नाही, १४४१६ ला फोन लावा, ती सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.