लोळण घेतल्यावर काय करायचं, आणि त्याआधी काय

दीड ते चार वर्षांच्या मुलाने भर रस्त्यात लोळण घेतली की बहुतेक मोठी माणसं तिथेच समजवायला बसतात. ती वेळ समजावण्याची नसते. रडून लालबुंद झालेल्या मुलाच्या कानावर शब्द पडतात, पण त्यांचा अर्थ लावायच्या अवस्थेत ते नसतं. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला माणसाला पंचविशी गाठावी लागते. त्यात शब्दांची टंचाई. दोन वर्षांच्या सुमाराला पन्नासेक शब्द आणि दोन-दोन शब्दांची वाक्यं, एवढ्या भांडवलावर ‘मला अजून खेळायचं होतं आणि तू न विचारता बूट चढवलेस’ हे सांगायचं कसं? मग ते हातापायांनी सांगतं.

आधी जागा बघा. जिना, वाहनं, टोकदार कोपरा जवळ असेल तर काही न बोलता उचलून बाजूला न्या. मग हातभर अंतरावर खाली बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील असे. एकच छोटं वाक्य बोला: ‘राग आलाय तुला. मी इथेच आहे.’ त्यानंतर गप्प. ‘काय झालं? का रडतोस? सांग ना!’ हा मारा आगीत तेल ओततो. जवळ घेतल्यावर काही मुलं विरघळतात, काही आणखी ताठ होतात. ताठ झालं तर सोडून द्या आणि जवळच थांबा. आवाज उतरून हुंदके सुरू झाले, हात तुमच्याकडे आला, की पाणी द्या, कुशीत घ्या. बहुतेक वेळा सगळं काही मिनिटांत ओसरतं. बघ्यांच्या गराड्यात ती मिनिटं तासाएवढी वाटतात, ते वेगळं.

मागितलेल्या वस्तूचं काय? ‘नाही’ म्हटलेली गोष्ट दहाव्या मिनिटाला हातात दिली, तर मूल एवढंच शिकतं की दहा मिनिटं रडावं लागतं. आज दिली, उद्या नाही, परवा पाहुण्यांसमोर पुन्हा दिली, हे त्याहून वाईट. लॉटरी लागेल या आशेने माणूस तिकिटं घेत राहतो, तसं ते रडत राहतं. म्हणून द्यायचीच असेल तर पहिल्या मागणीला द्या, आणि ‘नाही’ मोजक्याच ठिकाणी पण पक्कं ठेवा. मात्र आधी मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढतं. जुनी युक्ती का चालत नाही म्हणून मूल जोर लावून बघत असतं. नेमकं इथेच घरातलं कुणीतरी पाघळतं आणि वाढलेल्या रडण्याला बक्षीस मिळतं. आई-बाबा, आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या ताई, सगळ्यांचं उत्तर एक हवं.

रडता रडता श्वास रोखून काही मुलं निळी किंवा पांढरी पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मुलाला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, गदागदा हलवू नका. साधारणपणे मिनिटाच्या आत श्वास परत येतो. तसं झालं नाही तर तातडीची मदत बोलवा. पहिल्यांदा असं घडलं की मूल नंतर हसत-खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा. काही मुलांमध्ये याच्या मुळाशी लोहाची कमतरता असते.

खरं काम मात्र लोळण घेण्याच्या आधीचं आहे. रडण्याच्या वेळा आठवडाभर लिहून काढल्या तर बऱ्याचशा झोपेच्या किंवा भुकेच्या तोंडावर निघतील. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13. बाजारहाट, दवाखाना, लांबचा प्रवास झोपेच्या आणि भुकेच्या वेळांआधी उरकेल असा बसवा.

दुसरी अवघड जागा म्हणजे एका कामातून दुसऱ्यात जाणं. ‘पाच मिनिटांत निघायचंय’ याला दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नाही. मोजता येईल असं सांगा. घसरगुंडीजवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळाल्यावर म्हणा: ‘अजून तीनदा, मग घरी.’ प्रत्येक फेरीला मोठ्याने मोजा. तिसरी झाली की घसरगुंडीला टाटा करायला लावा आणि लगेच निघा. चौथी फेरी दिलीत तर उद्याचे ‘तीन’ पोकळ. निघताना विचारायचं ते असं: ‘बूट तू घालतोस की मी घालू?’ दोनच पर्याय, दोन्ही तुम्हाला चालणारे. ‘जाऊया का?’ असं विचारलंत की ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवा. ‘पळू नको’पेक्षा ‘माझा हात धर’ लवकर कळतं, कारण त्यात नेमकं काय करायचं ते आहे.

चावणं हा वेगळा प्रकार. एक ते तीन वर्षांत ते बरंच दिसतं: दात येताना, गर्दीत, खेळणं हिसकावलं गेल्यावर. लगेच दोघांना वेगळं करा. ‘चावायचं नाही. दुखतं,’ एवढंच, सपाट आवाजात. मग आधी ज्याला चावलं त्याच्याकडे वळा. जखम साबण-पाण्याने धुवा. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांकडे न्या. ‘बघ कसं लागतं’ म्हणून उलट चावणारी मोठी माणसं आहेत. त्यातून मूल शिकतं की मोठे झाल्यावर चावता येतं. शांत झाल्यावर ‘दे’ किंवा ‘माझं’ हे शब्द हात पुढे करून खेळात घोकून घ्या.

रोज अनेकदा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालणारा आक्रोश, स्वतःला इजा करणं, चार वर्षांनंतरही काहीच न ओसरणं, हाकेला ओ न देणं किंवा आलेले शब्द गळून जाणं, यांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. ऐकू नीट येतं का हेही तपासून घ्या. जाताना आठवड्याची नोंद न्या: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. फोनवर एखाद्या वेळचं चित्रण असेल तर उत्तम, कारण दवाखान्यात मूल हमखास शहाण्यासारखं बसतं.